सनफोर्जरला काउंटरस्पेल मारता येतं का? (आयसोक्रॉन सेप्टरवाल्यांनीही यावं)

माळरान

मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. परवा आमच्या कमांडरच्या टेबलावर एका मुद्द्यावर खेळ अडला आणि शेवटी नाणं उडवून पुढे गेलो. नियम नाण्यावर ठरावा हे मला पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतो.

माझा डेक लाल-पांढरा. सनफोर्जर हे क्रीचरला लावायचं इक्विपमेंट; ते सोडवून लायब्ररीतलं (आपल्या गठ्ठ्यातलं) एक इन्स्टंट, म्हणजे कधीही टाकता येणारं स्पेल, फुकट टाकता येतं. माझा एका क्रीचरला लावलेला होता. डावीकडच्या मित्राने सात मॅना (कार्डं टाकायला लागणारी शक्ती) भरून सायक्लॉनिक रिफ्ट ओव्हरलोड केलं. म्हणजे आम्हा बाकीच्या तिघांच्या लँड सोडून सगळं हातात परत. मी एक लाल, एक पांढरा मॅना दिला, सनफोर्जर अनअटॅच केला आणि लायब्ररी हातात घेतली. तेवढ्यात तो म्हणाला, "थांब, सनफोर्जरला काउंटरस्पेल." काउंटरस्पेल म्हणजे समोरचं स्पेल रद्द करणारं कार्ड. मी म्हटलं, हा स्पेलच नाही. त्यावर तिसऱ्याचं म्हणणं, सनफोर्जर स्पेल टाकून देतो, मग तो स्पेल टाकण्याचाच भाग झाला, काउंटर चालायला हवं. चौथ्याचं म्हणणं आणखी वेगळं. आधी मी कोणतं कार्ड काढतो ते दाखवायचं आणि मग मित्राने काउंटर मारायचं की नाही ते ठरवायचं.

खरं काय? मला लॅप्स ऑफ सर्टन्टी (समोरचं स्पेल काउंटर करणारं पांढरं इन्स्टंट) काढायचं होतं.

तांबडी_माती

तुझं बरोबर आहे. काउंटरस्पेल फक्त स्पेलला टार्गेट करतं. सनफोर्जर चालू करणं ही ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटी, म्हणजे किंमत भरून चालवायची कार्डाची क्षमता आहे. त्याने तेव्हा काउंटरस्पेल मारणं नियमबाह्यच. पण तू लॅप्स ऑफ सर्टन्टी टाकलंस की त्याला मारता आलं असतं.

अबोली

तांबडी_माती यांनी थोडक्यात सांगितलंच आहे, पण चौथा खेळाडू जे म्हणतोय त्यात अर्धं खरं आहे, त्यामुळे जरा सावकाश लिहिते. हा गोंधळ सनफोर्जर आला तेव्हापासून, म्हणजे 2005 च्या रॅव्हनिका सेटपासून चालत आलेला आहे.

दर वेळी एकच गोष्ट बघायची: या क्षणी स्टॅकवर (लागू व्हायच्या गोष्टींची चळत, वरची आधी लागू होते) सगळ्यात वर काय आहे?

तू मॅना दिलास, सनफोर्जर सोडवलास. दोन्ही गोष्टी किंमत आहेत, त्या भरून झाल्या. आता स्टॅकवर खाली रिफ्ट आहे, वर सनफोर्जरची ॲबिलिटी. इथे सगळ्यांना प्रायॉरिटी, म्हणजे काही करायची संधी मिळते. ही पहिली खिडकी. या खिडकीत तुझ्या मित्राला माहीत नाही की तू काय काढणार, आणि तुलाही सांगायचं बंधन नाही. तू अजून काहीच निवडलेलं नाहीस. इथे त्याला थांबवायचं असेल तर ॲबिलिटी काउंटर करणारं कार्ड लागतं: स्टायफल, ट्रिकबाइंड, व्हॉइडस्लाइम, डिसअलाव. साधं काउंटरस्पेल इथे कामाचं नाही.

कोणी काही केलं नाही तर ॲबिलिटी रिझॉल्व्ह, म्हणजे लागू होऊ लागते. तू लायब्ररी शोधतोस, लाल किंवा पांढरं, चार किंवा कमी मॅना व्हॅल्यूचं (कार्डावरच्या एकूण मॅना किमतीचं) इन्स्टंट काढतोस, ते तिथल्या तिथे किंमत न भरता टाकतोस, टार्गेट सांगतोस, आणि लायब्ररी पिसतोस. हे सगळं एका दमात होतं. मधे कुणालाही प्रायॉरिटी नाही. "कार्ड दाखव, मग मी ठरवतो, मग तू टाक" असा टप्पा मुळात नाहीच.

पिसून झालं की स्टॅकवर खाली रिफ्ट, वर लॅप्स ऑफ सर्टन्टी. आता परत सगळ्यांना प्रायॉरिटी. ही दुसरी खिडकी. आता ते खरोखरचं स्पेल आहे, रीतसर कास्ट केलेलं. काउंटरस्पेल, मॅना लीक, फोर्स ऑफ विल, जे हातात असेल ते मारता येतं. तेव्हा चौथ्याचं एवढं खरं की काउंटरवाल्याला कार्ड बघून ठरवता येतं. फक्त ते कार्ड तोवर कास्ट झालेलं असतं.

माळरान

फार स्पष्ट झालं, आभार. दोन गोष्टी राहिल्या. त्याने पहिल्या खिडकीत काउंटरस्पेल खाली ठेवलं होतं, ते वाया गेलं असं धरायचं का? आणि त्याने त्याऐवजी माझा सनफोर्जरच फोडला असता तर?

तांबडी_माती

वाया जात नाही. टार्गेटच बेकायदेशीर असेल तर ते कास्ट झालंच नाही. कार्ड हातात परत, त्यासाठी टॅप केलेले लँड परत उभे. एवढंच की आता सगळ्या टेबलाला कळलं त्याच्या हातात काउंटरस्पेल आहे. त्यावर उपाय नाही.

सनफोर्जर फोडून उपयोग नव्हता. ॲबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की तिचा मूळ वस्तूशी संबंध तुटतो. नियमावलीत 113.7a बघ. डिसएन्चंट (आर्टिफॅक्ट फोडणारं कार्ड) मारा, क्रीचर मारा, सनफोर्जर हातात पाठवा, शोध होणारच. अनअटॅच करणं ही किंमत असल्यामुळे क्रीचर मारून तर काहीच साधत नाही. फोडायचा तर आधी, तो क्रीचरला लावायच्या वेळी किंवा समोरच्याचा मॅना संपलेला असताना.

पत्त्यांचा_पार

एक शंका. मी निळा डेक खेळतो, माझ्याकडे मेमरी लॅप्स असतं. त्याने काउंटर झालेलं कार्ड लायब्ररीच्या वर जातं. सनफोर्जरमधून आलेल्या स्पेलवर मारलं तर समोरचा पिसतो ना, मग ते कार्ड लायब्ररीत हरवतं. माझ्या दृष्टीने हे फायद्याचं.

अबोली

नाही हो, क्रम उलटा आहे. पिसणं हा सनफोर्जरच्या ॲबिलिटीचाच शेवटचा भाग. तुम्हाला मेमरी लॅप्स टाकायची संधी मिळते तोवर पिसून झालेलं असतं. त्यामुळे कार्ड वरच राहतं आणि पुढच्या टर्नला तो ते उचलतो. शिवाय त्याला नको असेल तर तो परत सनफोर्जर चालवून लायब्ररी पिसून घेईल. निवड त्याच्या हातात जाते.

रिमांड तर त्याहून वाईट. रिमांडने कार्ड मालकाच्या हातात जातं. म्हणजे लायब्ररीतलं हवं ते कार्ड तुम्ही त्याच्या हातात नेऊन दिलंत. तुम्हाला एक कार्ड ओढायला मिळतं हे खरं, आणि त्या घडीला जीव वाचणार असेल तर माराच, पण सनफोर्जरसमोर रिमांड ही माझी शेवटची पसंती.

याउलट मॅना लीक अतिशय चांगलं: तीन मॅना भर, नाहीतर स्पेल काउंटर. स्पेल फुकट टाकलं म्हणून लीकचे तीन मॅना माफ होत नाहीत. आणि सनफोर्जरवाला बहुतेक वेळा लावण्यात तीन, चालवण्यात दोन घालवून बसलेला असतो.

झुंजूमुंजू

नवीन खेळाडू आहे. मग इक्विप करताना काउंटरस्पेल मारता येतं का? आमच्याकडे व्हिरिडियन लाँगबोवाला एकजण सारखा एक-एक डॅमेज मारत असतो, तेही काउंटर होत नाही का?

तांबडी_माती

इक्विप (इक्विपमेंट क्रीचरला लावणं) ही ॲबिलिटी, काउंटरस्पेल चालत नाही. लाँगबोचा बाण हीसुद्धा क्रीचरला मिळालेली ॲबिलिटी, तिथेही नाही. इक्विपमेंट हातातून टाकलं जातं तेव्हा मात्र ते आर्टिफॅक्ट स्पेल असतं. काउंटरस्पेलसाठी तेवढी एकच वेळ. इक्विपमेंटला घाबरणाऱ्या निळ्या खेळाडूने ते टेबलावर उतरण्याआधीच निर्णय घ्यायला हवा.

जुना_मिरोडिन

शीर्षकात सेप्टरवाल्यांना बोलावलंय म्हणून आलो. आयसोक्रॉन सेप्टर इक्विपमेंट नाही, साधं आर्टिफॅक्ट आहे, पण इक्विपमेंट ज्या सेटमध्ये जन्माला आलं त्याच सेटचं: मिरोडिन, 2003. आणि काउंटरस्पेलचा प्रश्न त्याच्याशी दोन्ही बाजूंनी येतो, कारण लोक काउंटरस्पेलच सेप्टरमध्ये घालतात.

नियम आधी. दोन मॅनाचं सेप्टर उतरतं, तेव्हा हातातलं दोन किंवा कमी मॅना व्हॅल्यूचं इन्स्टंट एक्झाइल करून (खेळाबाहेर ठेवून) त्यात छापता येतं. मग दर वेळी दोन मॅना आणि टॅप, त्या कार्डाची कॉपी होते आणि ती कॉपी फुकट कास्ट करता येते. इथे "कास्ट" महत्त्वाचं. रिव्हर्बरेटसारखी कार्डं स्पेलची कॉपी थेट स्टॅकवर ठेवतात, ती कास्ट होत नाही. सेप्टरची कॉपी कास्ट होते. म्हणून स्पेल कास्ट झाल्यावर चालू होणारं सगळं तिला लागू होतं. समोर चॅलिस ऑफ द व्हॉइड दोन काउंटरवर असेल (त्यावर दोन खुणा, म्हणजे दोन मॅना व्हॅल्यूचं प्रत्येक स्पेल रद्द) आणि सेप्टरमध्ये दोन मॅनाचं कार्ड असेल तर प्रत्येक कॉपी मरते. फुकट टाकली तरी मॅना व्हॅल्यू मूळ कार्डाचीच.

सेप्टरची कॉपी काउंटर केली तर काय जातं? काहीच नाही. कॉपी नाहीशी होते, मूळ कार्ड सेप्टरखाली एक्झाइलमध्ये जिथल्या तिथे. पुढच्या टर्नला परत दोन मॅना, परत कॉपी. तुम्ही हातातलं एक खरं कार्ड घालवलंत, त्याने दोन मॅना घालवले. हा सौदा एकदा चालेल, पुन्हा पुन्हा केलात तर तुम्ही रिकाम्या हाताने बसाल आणि सेप्टर तिथेच असेल. सनफोर्जरमध्ये हे वेगळं आहे. तिथे खरं कार्ड लायब्ररीतून येतं, काउंटर झालं की ग्रेव्हयार्डमध्ये जातं, आणि परत चालवायचं तर आधी तीन मॅना देऊन परत इक्विप करावं लागतं. म्हणून माझं मत ठाम आहे: सनफोर्जरमधून आलेलं स्पेल काउंटर करायला हरकत नाही, सेप्टरमधून आलेलं करू नये. सेप्टरच काउंटर करा, किंवा सेप्टरच फोडा.

फोडायची वेळही नीट साधली पाहिजे. सेप्टर उतरल्यावर छापण्याचा ट्रिगर स्टॅकवर येतो. पुष्कळजण घाईघाईने तेव्हाच डिसएन्चंट मारतात. पण छापणं ऐच्छिक आहे. समोरचा म्हणतो, मग मी नाही छापत, आणि त्याचं इन्स्टंट हातात वाचतं. छापून होऊ द्या, मग मारा. सेप्टर गेलं की छापलेलं कार्ड एक्झाइलमध्ये कायमचं अडकतं. तुमच्या एका कार्डात त्याची दोन गेली. अट एकच, त्याच्याकडे दोन मॅना उघडे नसावेत. असतील आणि सेप्टरमध्ये काउंटरस्पेल असेल, तर तो तुमच्या डिसएन्चंटलाच काउंटर करेल. अशा वेळी क्रोसान ग्रिप. स्प्लिट सेकंड असल्यामुळे ते स्टॅकवर असताना सेप्टर चालवताच येत नाही.

पत्त्यांचा_पार

काउंटरस्पेलवालं सेप्टर समोर असेल तर मग खेळायचं कसं? आमच्या गटात एकजण तेच करतो आणि प्रत्येक टर्नला माझं एक स्पेल खातो.

जुना_मिरोडिन

त्याची एक नस आहे. हातातलं काउंटरस्पेल टाकताना टार्गेट लगेच सांगावं लागतं. सेप्टर चालवताना आधी फक्त ॲबिलिटी स्टॅकवर जाते, टार्गेट कॉपी कास्ट होते तेव्हा ठरतं. म्हणजे तुम्हाला मधे एक जास्तीची खिडकी मिळते. तुम्ही आमिष म्हणून एक स्पेल टाका. त्याने सेप्टर टॅप केलं की त्या ॲबिलिटीवर रिस्पॉन्स म्हणून तुमचं खरं इन्स्टंट टाका. ते आधी रिझॉल्व्ह होतं. सेप्टरची कॉपी बनते तोवर ते स्टॅकवर उरलेलंच नसतं, त्यामुळे कॉपीला तुमचं आमिषच खावं लागतं. आणि ते खरं इन्स्टंट सेप्टर फोडणारं असेल तर उत्तम.

दुसरं म्हणजे सेप्टर टॅप होतं, दर फेरीत एकदाच चालतं. त्याच्याकडे ते उभं करायची सोय नसेल तर टर्नमधलं दुसरं स्पेल त्याला हातातूनच अडवावं लागेल. सेप्टर समोर असताना टर्नला एकच मोठं स्पेल टाकून बसणं म्हणजे त्याला आयतं सावज देणं.

माळरान

हे सनफोर्जरलाही लागू होतं का? मी सनफोर्जर चालवला आणि रिफ्टवाल्याने त्यावर दुसरं इन्स्टंट टाकलं, तर मला ते पकडता येणार नाही?

अबोली

बरोबर, ते आधी रिझॉल्व्ह होणार. सनफोर्जरने काढलेलं लॅप्स रिफ्टवरच टाकता येईल. पण तो नवा रिस्पॉन्स स्टॅकवर असतानाच तुला परत सनफोर्जर चालवता आला तर गोष्ट वेगळी. त्यासाठी इक्विप इन्स्टंटच्या वेगाने व्हायला हवं. लाल-पांढऱ्या डेकमध्ये लिओनिन शिकारी आहे ना? तिने इक्विप कधीही करता येतं. सोबत प्युअरस्टील पॅलडिन आणि एकूण तीन आर्टिफॅक्ट असतील तर इक्विपची किंमत शून्य. मग जितके लाल-पांढरे मॅना जोड्यांनी उघडे, तितक्या वेळा सनफोर्जर. तिथे एकट्या काउंटरस्पेलने निळा खेळाडू पुरा पडत नाही. तू पहिलं लॅप्स टाकतोस, तो काउंटरस्पेल मारतो, तू परत लावून चालवतोस आणि रेड एलिमेंटल ब्लास्ट काढून त्याचं काउंटरस्पेलच उडवतोस. त्याचं काउंटरस्पेल निळं आहे, ब्लास्टला तेवढंच हवं. माझ्या मते सनफोर्जरच्या डेकमध्ये हा एक मॅनाचा ब्लास्ट किंवा पायरोब्लास्ट असायलाच हवा. टेबलावर निळा खेळाडू असतोच.

निळाही रंग डेकमध्ये असेल तर डोव्हिन्स व्हीटो घ्यावं. ते पांढरं-निळं आहे, म्हणजे पांढरं धरून सनफोर्जरला चालतं, आणि त्याला काउंटरच करता येत नाही. फक्त लक्षात ठेव, ते संरक्षण स्पेलला आहे. पहिल्या खिडकीत कोणी स्टायफल मारलं तर व्हीटो लायब्ररीतच राहील.

दर्याकिनारी

आमच्या टेबलावर लॅव्हिनिया, अझोरियस रेनिगेड येते. किंमत म्हणून मॅना खर्च न झालेलं प्रतिस्पर्ध्याचं स्पेल ती काउंटर करते. सनफोर्जरवाला म्हणतो, मी लाल-पांढरा मॅना दिला ना, मग ते फुकट कसं? त्यावर काय उत्तर द्यायचं?

तांबडी_माती

तो मॅना ॲबिलिटी चालवायला गेला, स्पेल टाकायला नाही. स्पेलवर शून्य खर्च झाला. लॅव्हिनिया काउंटर करणार. बोरोमिर, वॉर्डन ऑफ द टॉवर आणि 2024 चं व्हेक्सिंग बॉबल यांचंही तेच. बॉबल तर सगळ्यांनाच लागू होतं, मालकालासुद्धा.

जुना_मिरोडिन

यात एक सुंदर पळवाट आहे. किंमत न भरता टाकलेल्या स्पेललाही किकरसारखा जादा खर्च भरता येतो. सेप्टरमध्ये ओरिम्स चांट घालून दर फेरीत समोरच्याला गप्प बसवणं ही जुनी खेळी, बहुतेकांना माहीत असेल. त्या कॉपीला एका पांढऱ्या मॅनाचा किकर भरला तर स्पेल टाकताना मॅना खर्च झाला, आणि लॅव्हिनियाची अट लागू होत नाही. तो एक मॅना वाचवणाऱ्याचा चांट मरतो, भरणाऱ्याचा जगतो.

ट्रिनिस्फिअर असेल तर आणखी गंमत. फुकट स्पेललाही तीन मॅना भरावे लागतात. पण तीन भरले म्हणजे मॅना खर्च झाला, त्यामुळे लॅव्हिनिया गप्प. ही दोन कार्डं एकाच डेकमध्ये ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, ती एकमेकांच्या आड येतात.

पत्त्यांचा_पार

मला आता वाटतंय, काउंटर मारत बसण्यापेक्षा टेबलावर कायमचं काहीतरी ठेवलेलं बरं. स्टोनी सायलेन्स किंवा नल रॉड पुरेसं नाही का?

अबोली

दोन्ही यंत्रं बंद पडतात, हो. आर्टिफॅक्टची ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटीच चालत नाही, इक्विपसुद्धा नाही. पण कमांडरमध्ये त्याने तुमचेही मॅना देणारे आर्टिफॅक्ट मरतात, म्हणून मी ते सरसकट सुचवणार नाही. पिथिंग नीडलवर सनफोर्जरचं नाव घ्या, एकट्या त्याचंच तोंड बंद होईल.

मला स्वतःला आवडतो तो एव्हन माइंडसेन्सर. फ्लॅश आहे, म्हणजे इन्स्टंटसारखा कधीही उतरवता येतो. सनफोर्जर चालवला, पहिली खिडकी उघडली, तेव्हा माइंडसेन्सर उतरवा. आता समोरच्याला पूर्ण लायब्ररीऐवजी वरची चारच कार्डं शोधता येतात. त्याचा मॅना गेला, इक्विपमेंट सुटलं, आणि हवं ते कार्ड त्या चारांत बहुधा नसतं. शिवाय तुमच्याकडे उडणारा क्रीचर उरतो.

दर्याकिनारी

आणि टेफेरी, टाइम रॅव्हलर? तो असला की प्रतिस्पर्धी फक्त सॉर्सरीच्या वेळीच स्पेल टाकू शकतात. सनफोर्जरवाला स्वतःच्या मेन फेजमध्ये, स्टॅक रिकामा असताना चालवला तर चालेल ना?

तांबडी_माती

नाही चालत. ॲबिलिटी चालू करता येते, पण स्पेल टाकायचं ते ॲबिलिटी रिझॉल्व्ह होत असताना. त्या क्षणी स्टॅक रिकामा नाही, ॲबिलिटी अजून तिथेच आहे. सॉर्सरीची वेळ ती नव्हे. शोधेल, टाकता येणार नाही, पिसेल. सेप्टरचंही तसंच. ड्रॅनिथ मॅजिस्ट्रेट समोर असला तरी दोन्ही अडतात, कारण एक लायब्ररीतून टाकतो, दुसरा एक्झाइलमधून, आणि मॅजिस्ट्रेट प्रतिस्पर्ध्यांना हाताशिवाय कुठूनच टाकू देत नाही.

झुंजूमुंजू

ग्रॅफडिगर्स केज पण? आमच्याकडे एकाच्या डेकमध्ये आहे, तो म्हणतो ते फक्त ग्रेव्हयार्डवाल्यांसाठी असतं.

जुना_मिरोडिन

त्याला कार्ड परत वाचायला सांगा. केज ग्रेव्हयार्डमधून आणि लायब्ररीतून स्पेल टाकू देत नाही. सनफोर्जर लायब्ररीतूनच टाकतो, त्यामुळे एक मॅनाच्या केजने तो पार निकामी होतो, केजच्या मालकाचा असला तरी. सेप्टरला केज लागू होत नाही, ते एक्झाइलमधून टाकतं. माळरान, तुझ्या डेकमध्ये केज असेल तर आधी ते काढ.